बिराजदार सरांनी पारखलेला बूट

आमच्या मुरुमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बिराजदार सरांना कुणी सहज ‘आज फार गरम होतंय’ असं म्हणू नये. दुसरा कुणी ‘हो ना’ म्हणून मान पुसेल आणि विषय संपेल. सर मात्र खुर्ची पुढे ओढून घेत. ‘व्हय, गरम हाय. पर त्याच्या दोन बाजू हायत,’ असं म्हणत आणि आपली मधली सुट्टी गेली हे समजून घ्यावं लागे. उन्हानं पापड वाळतात, भिंतीची ओल जाते, डास मरतात, ही एक बाजू. मग जरा दम खाऊन, ‘बरं, आता दुसरी बाजू.’ दुसरी बाजू घंटा वाजेपर्यंत चाले. उरलेली ते पुढच्या तासाच्या पोरांना जाऊन ऐकवत. त्या तासाला खरं तर प्रकाशाचं परावर्तन असायचं.

उंच, काटकुळे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि अंगात असा शर्ट की बाहीतून फक्त बोटं दिसावीत. आवाज मऊ. एवढ्या मऊ आवाजात एखादा माणूस समोरच्याला एवढा दमवू शकतो हे मला मुरुमला येईपर्यंत माहीत नव्हतं.

मी तिथं मराठी शिकवायला रुजू झालो त्या दिवशी एकच चूक केली. त्यांना विचारलं, ‘सर, खोली कुठं बघू?’ स्टँडजवळची खोली चांगली, गाडी लगेच सापडते. पण पहाटेपासून हॉर्न. बाजारपेठेतली चांगली, किराणा दाराशी. पण आठवडी बाजारादिवशी कोथिंबीरवाली उंबऱ्यावरच बसते आणि उठत नाही. मठाकडची चांगली, शांतता आहे. पण त्या शांततेत घरमालक रोज गप्पा मारायला येतो. सगळं शंभर टक्के खरं होतं. पुढं मी त्या तिन्ही खोल्यांत राहून खात्री करून घेतली. त्या दिवशी मात्र तीन खोल्या मोकळ्या असून मला राहायला जागा उरली नाही आणि मी पिशवी उचलून लॉजवर गेलो.

हेडमास्तरांनी या गुणाचा उपयोग फार आधीच ओळखला होता. जे काम करायचंच नाही ते सरांकडं सोपवायचं. स्टाफरूमचा पंखा दुरुस्त करावा की नवा घ्यावा, हे एकदा त्यांच्याकडं दिलं तेव्हा ऐन उन्हाळा होता. निष्कर्ष निघाला तेव्हा लोक स्वेटर घालून बसले होते. निष्कर्ष असा, की सध्या पंख्याची गरज नाही.

त्यांच्या बायकोला, महादेवीकाकूंना, या स्वभावाची ओळख लग्नाआधीच झाली होती. बघण्याच्या कार्यक्रमात सासऱ्यांनी विचारलं, ‘आमची मुलगी कशी वाटली?’ पोहे खाल्लेल्या माणसानं ‘छान’ म्हणायचं असतं. सरांनी बशी खाली ठेवली. मुलगी तब्येतीनं चांगली, शिकलेली, नजर धीट, ही एक बाजू. मग सगळं घर ऐकत असताना दुसरी बाजू काढली: चालते जोरात, पोह्यात मीठ जास्त, आणि आल्यापासून दोनदा तोंड फिरवून हसली.

काकू हा प्रसंग आम्हाला दरवेळी नव्या रंगात सांगत. ‘माझा बाप लालेलाल झाला. म्या आतून म्हनलं, माझीबी ऐका! मुलगा खरं बोलतो, ही एक बाजू. दुसरी बाजू म्हंजी, ह्याच्यासंगं जी नांदंल तिला देवच राखंल!’

‘मग लग्नाला हो कशाला म्हणालात काकू?’

‘खोटं बोलणारी चार बघून झाली व्हती, जाधव सर,’ काकू म्हणत. आतून सरांचा आवाज येई, ‘चार न्हाय, तीन. आन् त्यातल्या एकाचं सांगायचं तर दोन बाजू...’

‘साकु, साकु!’ काकू कानडीत ओरडत. पुरे म्हणायला त्या घरात हाच शब्द होता आणि तो दिवसभर वापरात असे.

तर अशा माणसाकडं आमच्या शाळेनं बूट घ्यायचं काम दिलं.

आमच्याकडं क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी होती. सरांनी कॉलेजात असताना बास्केटबॉल खेळला होता, एवढ्या पुराव्यावर मुलींचा संघ त्यांच्या गळ्यात पडला. त्यांचं शिकवणं बघण्यासारखं असे. पास द्यावा की स्वतः बास्केट मारावी, याच्या दोन बाजू ते कडेला उभे राहून समजावत आणि तोवर मुली तिकडं बास्केट मारून मोकळ्या होत. बहुधा त्यामुळंच संघ चांगला तयार झाला. तालुका जिंकला, जिल्हा जिंकला, आणि शाळेच्या इतिहासात प्रथमच आम्ही विभागीय सामन्यांना निघालो. हेडमास्तरांनी लगेच फलकासाठी भिंत बघून ठेवली.

संघाचा जीव होती विद्या. दहावीत होती. बुटकी, चपळ, आणि चेंडू हातात आला की डोळे बारीक करणारी. तिच्या वडलांची, तुकारामची, पिठाची गिरणी होती. विभागीय सामन्यांत निवड समितीची माणसं बसणार होती आणि त्यांनी बोट दाखवलं त्या मुलीला पुण्याला राहून शिकायला आणि खेळायला मिळणार होतं. तुकारामनं साफ सांगितलं होतं, ‘घेतलं तिला तर पाठवीन. न्हायतर दहावी झाली की गिरणीवर बसंल.’ तो काही दुष्ट माणूस नव्हता. त्याला तिसरं काही दिसत नव्हतं. विद्यालाही दिसत नव्हतं, आणि म्हणून ती रोज सगळ्यात आधी मैदानावर येई.

आता मैदान म्हणजे मातीचं. मुली पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत खेळायच्या, त्यातून दोघींचे अंगठे बाहेर आले होते. विभागीय सामने मोठ्या हॉलमध्ये, लाकडी जमिनीवर होते. तिथं नीट बूट पाहिजेत, तळ स्वच्छ पाहिजे, नाहीतर आत सोडणार नाहीत असा नियम. पुण्यात स्थायिक झालेल्या एका माजी विद्यार्थ्यानं ‘सगळ्या संघाला मी बूट देतो, तुम्ही निवडा’ असं कळवलं. मुलींना विचारावं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. बूट त्यांच्या पायात जाणार होते, एवढाच त्यांचा संबंध.

उमरग्याच्या दुकानात मी सरांबरोबर होतो. दुकानदारानं उंच घोट्याचा, पांढरा-लाल, जाड सपाट तळाचा जोड काढून ठेवला. एका नावाजलेल्या कंपनीच्या बुटाच्या भावात यातले चार येत होते.

‘सर, हे रेट्रो हाय. बास्केटबॉलचा बूट,’ दुकानदार म्हणाला.

‘रेट्रो म्हंजी?’

‘म्हंजी जुन्या टायपाचं. आधी असं वापरायचे. आता परत फॅशन आलीय.’

‘मग जुन्या भावात द्या.’

दुकानदार हसला. त्याला वाटलं सर विनोद करताहेत. सरांनी बूट उजेडात धरला. तळाच्या कडेला फिकट पिवळी झाक होती. ‘हे पिवळं का पडलंय?’

‘पडलं न्हाय सर, कंपनीनंच पाडलंय. जुनं दिसावं म्हणून.’

सरांनी त्या झाकेवरून बोट फिरवलं. ‘जाधव सर, आमच्या घरी माळ्यावर पिवळं पडलेलं लई सामान हाय. आमी तेला उगंच अडगळ म्हणत व्हतो.’

एक जोड नमुना म्हणून घेतला, सरांच्या मापाचा. परीक्षा स्वतःच्या पायावर घेतल्याशिवाय ते मत देणार नव्हते. पुढचे पंधरा दिवस मुरुमनं जे पाहिलं ते पुन्हा दिसणार नाही. बिराजदार सर विजारीचे पाय वर दुमडून, पांढरे-लाल उंच बूट घालून आठवडी बाजारात वांगी निवडत होते. मठात जाताना पायरीवर बसून त्या लांबलचक नाड्या सोडत होते; तोवर आरती होऊन प्रसाद वाटून झालेला असे. गच्चीवर उड्या मारत होते, आणि खालून काकू ‘साकु!’ ओरडत होत्या. एक रात्र बूट बादलीत बुडवून ठेवला, दुसऱ्या दिवशी दोरीवर वाळत घातला. गल्लीतल्या लोकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, सरांची तब्येत बरी आहे ना.

मग स्टाफरूममध्ये निकाल वाचन झालं. चांगली बाजू: घोटा धरून ठेवतो. तळ जाड, त्याच्यावर गोल नक्षी, पाय जागेवर फिरवायला बरी. शिलाई पक्की, बादलीत राहूनही डिंक सुटला नाही. कातडं नाही, रेक्झिन आहे, त्यामुळं पुसलं की साफ. दिसायला उठावदार, खेळ सुटला तरी पोरी कॉलेजला घालतील. आणि स्वस्त.

‘बरं, आता दुसरी बाजू.’ हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले. बूट जड आहे, एकेका पायात अर्धा किलो बटाटे बांधल्यागत वाटतं. आत वारा जात नाही, पाय उकडतो. टाच आपटली की हादरा थेट मणक्यात. हल्लीच्या बुटांसारखी आत गादी नाही. पुढून दुमडला की घडी पडते आणि घडी जात नाही. ‘आन् सगळ्यात म्हत्त्वाचं. हा बूट ताठ हाय. पायाला बसायला पंधरा दिवस लागत्यात. म्या घालून बघितलंय. तवर तेच्यात पळायचं न्हाय.’

एखाद्या वस्तूचा एवढा कसून विचार मी आजवर दुसऱ्या कुणाला करताना पाहिलेलं नाही. सरांनी शेवटी ‘घ्यावेत’ असं म्हटलं तेव्हा स्टाफरूममध्ये टाळ्या पडल्या.

माप घ्यायच्या दिवशी मुलींच्या आया शाळेत आल्या होत्या. दुकानदार खोकी उघडत होता. एकेक मुलगी बूट घाली, आणि तिची आई खाली वाकून अंगठ्यानं बुटाचं टोक दाबून बघे. टोकाला मुलीचा अंगठा लागला की बूट नापास.

‘दादा, पुढचं माप द्या. वाढतं पाऊल हाय.’

विद्या म्हणाली, ‘आई, ढिला व्हतोय.’

‘व्हऊ दे की. पुढल्या साली तुला कोण देणार हाय परत? आन् तुझं झालं की धाकटीला व्हईल.’

विद्यानं सरांकडं बघितलं. सरांनी मान डोलावली. ‘आईचं बरुबर हाय. वाढतं माप घ्यावं.’ झालं. सगळ्या संघाचे बूट एकेक माप मोठे घेतले गेले. त्या खोलीतल्या एकाही मोठ्या माणसाला त्यात वावगं वाटलं नाही. आमच्याकडं गणवेश असाच येतो, दप्तर असंच येतं, मुंडावळ्याही बहुतेक अशाच येत असाव्यात. बादलीत बूट भिजवणाऱ्या माणसाला ‘बरं, आता दुसरी बाजू’ म्हणायचं सुचलं नाही.

त्यानंतर बूट प्रयोगशाळेच्या कपाटात कुलूपबंद झाले. नवे बूट मातीत घालून कसं चालेल? तळ खराब झाला तर हॉलमध्ये सोडणार नाहीत. त्यामुळं पायाला बसायला पंधरा दिवस लागणारा तो बूट पंधराच्या पंधरा दिवस सांगाड्याशेजारी ठेवून आराम करत होता. मुली जुन्या कॅनव्हासात सराव करत होत्या. हे मी आज हसून सांगतोय. तेव्हा कपाटाची किल्ली सरांनी जानव्याला बांधावी तशी गळ्यातल्या शिवदारात, म्हणजे लिंगाच्या दोऱ्यात, अडकवली होती, आणि आम्हाला ते दक्षतेचं लक्षण वाटलं होतं.

सामन्याच्या दिवशी संघ हॉलमध्ये उतरला तेव्हा मात्र खरंच छाती भरून आली. पांढरे-लाल बूट झगझगत होते. समोरचा संघ मोठ्या शहरातला. त्यांच्या मुलींनीही वळून बघितलं. हेडमास्तरांनी फोटो काढला. पहिल्या दोन-तीन मिनिटांनंतर फोटो काढायसारखं काही उरलं नाही.

आमची एक मुलगी जोरात वळली. ती वळली, बूट वळला नाही. दुसरीनं उडी मारली आणि तिचा उजवा बूट समोरच्या संघाच्या बाकाखाली जाऊन पडला. तिथल्या मुलींनी तो दोन बोटांत धरून सभ्यपणे परत दिला. हॉल हसत होता. विद्या चेंडू घेऊन सुसाट निघाली, थांबायची वेळ आली तेव्हा बूट थांबला आणि ती आतल्या आत पुढं सरकून तोंडावर पडली. उठली, पुन्हा पडली. निवड समितीची दोन माणसं हातातल्या कागदांकडं बघत होती. तिच्याकडं बघणं त्यांनी सोडून दिलं होतं.

मध्यंतराला मुली बाकावर येऊन बसल्या. टाचा सोललेल्या होत्या. विद्या रडत नव्हती, नुसती नाड्या आवळत होती. इतक्या की बोटं पांढरी पडली होती. सर तिच्यासमोर उभे होते. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. त्यांना कळलं होतं.

मी वाट बघत होतो की आता दोन्ही बाजू सुरू होतील आणि मध्यंतर संपेल. जोडे आम्हा शिक्षकांना दाराशीच काढायला लावले होते. सर मटकन खाली जमिनीवर बसले, आणि पायातले मोजे ओढून काढले. काकूंनी विणलेले, तपकिरी लोकरीचे, जाडजूड मोजे.

‘सर, तुमचे मोजे?’ विद्या दचकून म्हणाली.

‘घाल. बोलू नको.’

इतकी वर्षं त्यांना ओळखून मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे सगळ्यात लहान भाषण. मोज्यांची एकही बाजू त्यांनी सांगितली नाही, वासानं ती जबाबदारी परस्पर उचलली. विद्यानं आपल्या मोज्यांवर ते चढवले, बूट घातला, पाय आपटून बघितला. मग सर आमच्याकडं वळले. ‘बघत काय बसलाय? काढा की!’ मी माझे काढले. सोबत आलेल्या शिक्षकांनी काढले. हेडमास्तरांनी एकदा छताकडं पाहिलं, फोटोसाठी मुद्दाम घातलेले आपले गुळगुळीत मोजे काढले आणि संघातल्या सगळ्यात उंच पोरीच्या हातात दिले. मुरुमच्या शाळेचा सगळा शिक्षकवर्ग लाकडी जमिनीच्या कडेला अनवाणी उभा राहिला.

उत्तरार्धात आम्ही हरलोच. पण विद्या पडली नाही. ती ज्या तऱ्हेनं खेळली ते पाहून हसणारा हॉल गप्प झाला, आणि निवड समितीतल्या माणसानं बंद केलेलं पेन पुन्हा उघडलं. सामना संपल्यावर तो सरांकडं आला. ‘त्या बुटक्या मुलीचं नाव काय?’ सरांनी नाव सांगितलं. ‘बूट छान आहेत. कसे आहेत हो खेळायला?’ असं त्यानं पुढं सहज विचारलं. बिचाऱ्याला कल्पना नव्हती. त्याचा चहा त्या दिवशी बुडाला.

परतताना जीपमध्ये मुली झोपल्या होत्या. सर माझ्या शेजारी बिनमोज्यांचे बसले होते. म्हणाले, ‘जाधव सर, बुटाचं समदं बघितलं म्या. मापाला दुसरी बाजू असती, हे डोस्क्यातच आलं न्हाय.’

‘कुणाच्याच नाही आलं, सर.’

‘आमच्या घरात समदं वाढत्या मापाचंच यायचं. थोरल्या भावाचं माप धरून. आजून म्या त्यात बसायचोय.’ एवढं बोलून त्यांनी बाहीतून बोटं बाहेर काढली आणि चष्मा पुसत बसले. मला त्यांच्याविषयी फार माया वाटली.

विद्याची निवड झाली. दहावीही झाली. जूनअखेर सर निवृत्त होऊन मुलीकडं गुलबर्ग्याला जाणार होते, त्याच्या आदल्या आठवड्यात ती पुण्याला निघाली. तिला सोडायला आम्ही दोघं स्टँडवर गेलो. सोलापूरची गाडी लागली होती. विद्या खिडकीत बसली होती, मांडीवर पिशवी. तुकाराम तिच्याबरोबर जाणार होता. पण तो गाडीत चढेना. पायरीवर एक पाय ठेवून घुटमळत होता. शेवटी खाली उतरला आणि सरांपुढं येऊन उभा राहिला.

‘सर, आजून येळ हाय. तुमी समद्याच्या दोन्ही बाजू सांगता. गावात दुसऱ्या कुणाला इचारावं असं न्हाय. खरं सांगा. पाठवू का नको?’

खिडकीतून विद्या ऐकत होती. तिनं सरांकडं बघितलं आणि नजर खाली घातली.

‘ऱ्हाणं, खाणं, शाळा, समदं तिथं हाय,’ सर म्हणाले. ‘पोरगी हिमतीची हाय. खेळंल, शिकंल, चार गावं बघंल. पाठवा.’

तुकाराम थांबून राहिला. माझ्यासारखाच तोही सरांना ओळखत होता. ‘आन् दुसरी बाजू?’

‘न्हाय,’ सर म्हणाले. ‘हेला एकच बाजू हाय. चढा गाडीत.’

तुकाराम चढला. कंडक्टरनं घंटी मारली. विद्यानं हात हलवला, सरांनी हलवला. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत ते ताठ उभे होते. मग मागच्या बाकावर जाऊन बसले. मी शेजारी बसलो. आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. उंच उंच पोरींत हिचा निभाव लागला नाही तर वर्षाच्या आत परत पाठवतील. गुडघा फिरला तर सगळंच संपलं, मग तिला गिरणीचं पोतंही उचलणार नाही. गणित कच्चं आहे, तिथं तिच्याशेजारी बसून कोण करून घेणार. आजारी पडली तर सांगायची नाही, तसल्या स्वभावाची आहे. काही वाईट झालं तर तुकाराम आयुष्यभर आपलं तोंड बघणार नाही, आणि त्याचं बरोबरच असेल. सांगता सांगता त्यांचा मऊ आवाज फाटत गेला. मी त्यांना थांबवलं नाही. उमरग्याची गाडी आली, भरली आणि गेली, तरी ते बोलतच होते.